रविवर्मांनी देवींना साडी नेसवली, मळवलीत त्यांची चित्रं छापली आणि लोकांनी त्यावर खरी जर शिवली

पुण्याहून लोणावळ्याची लोकल पकडली की लोणावळ्याच्या एक स्टेशन आधी मळवली लागतं. पावसाळ्यातल्या रविवारी इथे पाय ठेवायला जागा नसते. कुणाला लोहगड करायचा असतो, कुणाला विसापूर, कुणाला भाजे लेणी. पाठीवर सॅक, हातात भाजलेलं कणीस, आणि सगळे डोंगराच्या दिशेने.

या गर्दीतल्या फार कमी लोकांना माहीत असतं की एकेकाळी याच मळवलीतून देव अख्ख्या हिंदुस्थानात जायचे. कागदावर छापलेले. लक्ष्मी, सरस्वती, राम, कृष्ण, शंकर. तुमच्या आजोळच्या देवघरात काळपट फ्रेममधली जुनी लक्ष्मी असेल, तर ती मावळातून आलेली असण्याची बरीच शक्यता आहे.

आणि त्या लक्ष्मीच्या साडीवर बोट फिरवल्यावर कागदाऐवजी खरं रेशीम हाताला लागलं, टिकल्या लागल्या, जरीचा काठ लागला, तर दचकू नका. ती चित्रं बाहुलीसारखी सजवण्याची एक रीतच होती. छापील देवीला घरातल्या कापडाची साडी शिवायची, तिला दागिने घालायचे आणि मग काचेत बसवायचं.

हे सगळं ज्या माणसामुळे सुरू झालं त्याचं नाव राजा रविवर्मा.

२९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूर इथे त्यांचा जन्म झाला. घराणं राजघराण्याशी सोयरीक असलेलं. आई उमा अंबाबाई स्वतः कवयित्री, वडील संस्कृतचे जाणकार. लहान रविवर्मा भिंतीवर कोळशाने प्राणी-माणसं काढायचे. अशा मुलांना बहुतेक घरांत मार मिळतो. इथे मामांनी पोराचा हात ओळखला. मामा राजा राजा वर्मा स्वतः तंजावर पद्धतीची चित्रं काढायचे.

आता तंजावर म्हटलं की मराठी माणसाचे कान टवकारतात, आणि ते बरोबरच आहे. भोसल्यांच्या दरबाराच्या आश्रयाने तिथे चित्रकलेची जी शैली बहरली, तिच्यात देवाचं चित्र नुसतं रंगवत नाहीत. लाकडी फळीवर कापड चिकटवायचं, दागिन्यांच्या जागी चुन्यासारख्या लेपाने उठाव आणायचा, त्यावर सोन्याचा वर्ख लावायचा आणि मध्ये काचेचे खडे बसवायचे. म्हणजे देवीचा हार रंगवलेला नसतो, तो खरोखर वर आलेला असतो. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

१८६२ मध्ये मामा या १४ वर्षांच्या भाच्याला घेऊन तिरुवनंतपुरमला गेले. महाराज आयिल्यम तिरुनाळ कलेचे शौकीन होते. मुलाला दरबारात राहायला मिळालं. तिथे त्याने पहिल्यांदा युरोपातली तैलरंगातली चित्रं पाहिली आणि त्याचं डोकं फिरलं. कारण त्या चित्रांत मखमल मखमलीसारखी दिसत होती आणि रेशीम रेशमासारखं. सोन्याचा वर्ख न लावता सोनं चमकत होतं. नुसत्या पिवळ्या, तपकिरी आणि पांढऱ्या रंगाच्या फटकाऱ्यांनी!

पण ते शिकवणार कोण? दरबारातले चित्रकार रामस्वामी नायडू यांना तैलरंग येत होता, पण हा हुशार पोरगा उद्या आपल्याच पोटावर पाय देईल म्हणून ते हात राखून होते. १८६८ च्या सुमारास थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय चित्रकार महाराजांचं व्यक्तिचित्र करायला आला. त्यानेही शिकवलं नाही, फक्त काम करताना बघायची परवानगी दिली. रविवर्मांनी बघितलं. बाकीचं स्वतः चुकत-माकत शिकले.

१८७३ मध्ये केसांत गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीचं त्यांचं चित्र मद्रासच्या प्रदर्शनात गव्हर्नरचं सुवर्णपदक घेऊन आलं आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही गौरवलं गेलं. तेव्हापासून संस्थानिकांच्या दिवाणखान्यांत रविवर्मांना मागणी सुरू झाली.

यातलंच एक संस्थान होतं बडोदा. त्रावणकोरचे माजी दिवाण सर टी. माधवराव हे पुढे बडोद्याचे दिवाण झाले. हे माधवराव म्हणजे दक्षिणेत स्थायिक झालेल्या तंजावरी मराठी घराण्यातले. १८८१ मध्ये तरुण सयाजीराव गायकवाडांच्या हाती कारभार सोपवला गेला, त्या समारंभाच्या निमित्ताने त्यांनी रविवर्मांना बडोद्याला बोलावलं. रविवर्मा धाकट्या भावाला, सी. राजा राजा वर्मांना, सोबत घेऊन आले. हा भाऊ स्वतः उत्तम चित्रकार. निसर्गदृश्यात तर त्याचा हात थोरल्यापेक्षाही सरस मानला जातो. पुढची जवळपास पंचवीस वर्षं दोघे जोडीनेच हिंडले.

मग सयाजीरावांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पुराणातल्या प्रसंगांवर १४ चित्रांचं काम दिलं. रविवर्मांपुढे एक वेगळाच प्रश्न उभा राहिला.

दमयंतीने नेसायचं काय?

आज प्रश्न हास्यास्पद वाटेल. पण तेव्हा तो खरा होता. मल्याळी बाईचं मुंडू वेगळं, तमिळ बाईचं नेसणं वेगळं, राजस्थानात घागरा, बंगालमध्ये आणखी तिसरंच. सीता, द्रौपदी, शकुंतला या तर साऱ्या देशाच्या. त्यांना एका प्रांताचा वेष दिला तर बाकीच्यांना त्या परक्या वाटणार. रविवर्मा भावाला घेऊन उत्तर हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघाले. बाया काय नेसतात, पदर कुठल्या खांद्यावर घेतात, काठ किती रुंद असतो, हे बघत. पुराणकाळातला असा एकच एक वेष काही त्यांना सापडला नाही. तो सापडणारही नव्हता.

शेवटी त्यांनी स्वतःच ठरवलं. साडी. आणि साडीतही त्यांचा ओढा मराठी लुगड्याकडे होता. अंगाला बसणारं, चालताना पाय मोकळे ठेवणारं, काठाची रेघ पायापासून खांद्यापर्यंत सलग दाखवणारं नेसणं चित्रकाराला आवडलं नसतं तरच नवल. त्यांच्या कितीतरी नायिका या मराठी वळणाच्या लुगड्यात दिसतात. मुंबईत राहायला आल्यावर त्यांच्यासमोर बसणाऱ्या स्त्रियाही इकडच्याच होत्या. गोव्याकडून आलेल्या गायिका अंजनीबाई मालपेकर यांचं नाव त्यात घेतलं जातं.

शिवाय इथे संगीत नाटकाचे दिवस होते. अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल १८८० मध्ये रंगभूमीवर आलं होतं आणि शकुंतला कशी उभी राहते, कशी मागे वळून बघते, हे लोकांना नाटकाने दाखवलेलं होतं. रविवर्मांच्या चित्रांत ती नाटकी ऐट दिसते. पुढे आनंद कुमारस्वामींसारख्या टीकाकारांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. त्यांच्या मते या देवी देवी नव्हत्याच, सजून रंगमंचावर उभ्या केलेल्या बायका होत्या. टीका अगदीच खोटी नाही. पण लोकांना देवी जवळची वाटली ती याचमुळे, हेही तितकंच खरं.

वेगवेगळ्या प्रांतांचे पेहराव रविवर्मांना किती बारकाईने येत होते हे बघायचं असेल तर म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं वादक स्त्रियांचं चित्र बघा. ११ बायका, प्रत्येकीचं नेसणं वेगळं. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातही त्यांनी भारतीय स्त्रियांची १० चित्रं पाठवली होती आणि तिथे पदकं मिळवली. ते स्वतः मात्र समुद्र ओलांडून कधी गेले नाहीत.

बडोद्याची चित्रं राजवाड्यात जाण्याआधी लोकांना दाखवली गेली, तेव्हा ती बघायला झुंबड उडाली. हे बघून एक गोष्ट स्पष्ट झाली. लोकांना ही चित्रं घरी हवी आहेत, पण तैलचित्र परवडणार कुणाला? माधवरावांनी १८८४ मध्येच रविवर्मांना सुचवून ठेवलं होतं की निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्या, दोन हातांनी किती चित्रं काढणार? रविवर्मांनी एक पाऊल पुढे टाकलं. युरोपात कशाला, इथेच छापू.

१८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू झाला. भागीदार होते गोवर्धनदास खटाव मकनजी. यंत्रं जर्मनीची आणि तंत्रज्ञही जर्मन. पहिलं चित्र छापलं ते शकुंतलेच्या जन्माचं.

आता ही छपाई कशी चालायची ते समजून घेऊ, कारण त्याशिवाय पुढचं कर्ज समजणार नाही. तेव्हा रंगीत चित्र दगडावरून छापत. बव्हेरियातला विशिष्ट चुनखडीचा दगड, एकसारखा गुळगुळीत घासलेला. त्यावर तेलकट शाईने उलटं चित्र काढायचं. दगड ओला केला की तेलकट जागा पाणी घेत नाही, ती फक्त शाई धरते. एका दगडावर एकच रंग. जितके रंग तितके दगड, आणि कागद तितक्या वेळा यंत्रातून जाणार. एखादा रंग केसभर सरकला की देवीचे ओठ गालावर! शेवटी रोगण द्यायचं, म्हणजे कागद तैलचित्रासारखा चकाकतो. यालाच ओलिओग्राफ म्हणत.

दगड घासणाऱ्यापासून रंग वेगळे करणाऱ्या कारागिरापर्यंत माणसंच माणसं लागायची. यंत्रं महाग, शाई-कागद महाग, आणि चित्र मात्र स्वस्तात विकायचं.

तसं पाहिलं तर देवादिकांची छापील चित्रं मराठी माणसाला नवीन नव्हती. पुण्यात १८७८ पासून चित्रशाळा छापखाना होता, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराचा. त्यांची चित्रं घराघरांत होतीच. पण रविवर्मांच्या चित्रात अंगावरचं रेशीम सळसळताना दिसत होतं. फरक तिथे होता.

धंदा मात्र बसेना. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. कामगार गावाकडे पळाले, बाजार बंद पडले. दोघे भाऊ चित्रं काढायला संस्थानांत हिंडत होते आणि इकडे छापखान्याकडे बघायला पूर्ण वेळ माणूस नव्हता. भागीदाराशी फाटलं. त्याला पैसे देऊन मोकळं केलं आणि सगळा बोजा रविवर्मांच्या अंगावर आला. म्हणजे राजेरजवाड्यांची चित्रं काढून मिळवायचं आणि छापखान्यात घालायचं.

१८९९ मध्ये छापखाना मळवलीला हलवला. मळवलीच का? मुंबईच्या प्लेगपासून लांब, आणि तरीही रेल्वेवर. बोरघाटातून गाडी १८६३ पासूनच धावत होती. जड यंत्रं आणि दगड आणायला, छापलेले गठ्ठे मुंबई-पुण्याला पाठवायला स्टेशन हाताशी. जिथे दोन हजार वर्षांपूर्वी भाज्याच्या आणि कार्ल्याच्या कातळात कारागिरांनी लेणी कोरली, त्याच डोंगरांच्या पायथ्याशी आता जर्मन कारागीर दगडावर लक्ष्मी काढत होते.

पण जागा बदलून कर्ज कमी होत नाही. १९०१ मध्ये रविवर्मांनी छापखाना आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला विकला. चित्रं छापण्याचे हक्कही सोबत गेले. ज्या चित्रांनी आपलं नाव झोपडीपर्यंत पोहोचवलं, त्यांच्या विक्रीतला पैसा यापुढे आपला नाही, हे मान्य करून त्यांनी सही केली. श्लायशर मात्र व्यवहारात पक्का होता. त्याने रविवर्मांची चित्रं छापणं चालू ठेवलं, इतर चित्रकारांकडून नवी काढून घेतली आणि मालांची लेबलं, जाहिराती यांची कामंही घेतली. त्याच्या हाती तोच छापखाना नफ्यात चालला.

या छापखान्याची आणखी एक पोच मराठी माणसाला ठाऊक असायला हवी. धुंडिराज गोविंद फाळके नावाचा उचापती तरुण पुढे लोणावळ्यात ब्लॉक आणि छपाईचं काम करू लागला, ते मुख्यतः याच रविवर्मा प्रेससाठी. १९१३ मध्ये राजा हरिश्चंद्र पडद्यावर आणणारे ते दादासाहेब फाळके. आपल्या सिनेमातले देव रविवर्मांच्या देवांसारखे का दिसायचे, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

बरं, चित्र घरोघरी पोहोचलं. मग त्यावर कापड कुणी आणि का शिवलं?

दक्षिणेत, विशेषतः तमिळ भागातल्या चेट्टियारांच्या मोठ्या वाड्यांत, ही सजवलेली चित्रं खूप सापडतात. बंगळूरच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीच्या संग्रहातही ती आहेत. पद्धत साधारण अशी. छापील चित्र पुठ्ठ्यावर किंवा कापडावर चिकटवायचं. साडीचा जेवढा भाग चित्रात दिसतो, तेवढ्याच आकाराचं रेशीम किंवा मखमल कापायचं. निऱ्या जिथे रंगवल्यात तिथे खऱ्या निऱ्या घालायच्या. खाली थोडा कापूस भरला की अंगाला उठाव येतो. काठाच्या जागी जर, दागिन्यांच्या जागी मणी, टिकल्या, सलमा. चेहरा, हात आणि पाय यांना मात्र हात लावायचा नाही. ते रविवर्मांचे.

म्हणजे गंमत बघा. मामांच्या तंजावर चित्रातलं चिकटवलेलं सोनं सोडून रविवर्मा तैलरंगाकडे गेले. आयुष्यभर खटपट करून त्यांनी नुसत्या रंगात जर चमकवून दाखवली. आणि लोकांनी त्याच चित्रावर खरी जर शिवून ते पुन्हा मामांच्या वळणावर नेऊन ठेवलं!

हे काम करणाऱ्यांची नावं कुठेही नाहीत. काही चित्रं पेशेवर कारागिरांनी सजवली, काही घरातल्या बायकांनी. चित्रावर खाली छापखान्याचं नाव असतं, रविवर्मांचं असतं, सुई चालवणारीचं नसतं. तिने देवीला कुठला रंग द्यायचा हे स्वतः ठरवलेलं असतं. छापील साडी गुलाबी आणि वर शिवलेली हिरवी, असंही होतं.

मराठी घरात हे काम परकं वाटायचं कारण नाही. लुगडं जीर्ण झालं की त्याची वाट ठरलेली असायची. मधला मऊ भाग गोधडीला आणि बाळाच्या दुपट्याला, बरं उरलेलं बोहारणीला देऊन भांडं, आणि काठ मात्र जपून ठेवायचे. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वरून सोन्याचं पाणी. त्यामुळे जुनी जरीची वस्त्रं जाळून चांदी काढून घेणारेही असत. त्यातून वाचलेला वीतभर काठ बाहुलीच्या लुगड्याला लागायचा, खणाच्या तुकड्याची तिची चोळी व्हायची आणि बाहुला-बाहुलीचं लग्न लागायचं. गौरीचे मुखवटे उभे करून त्यांना खरी साडी नेसवणाऱ्या, बाळकृष्णाला अंगडं-टोपडं शिवणाऱ्या हातांना चित्रातल्या देवीला साडी शिवणं जड जाणार नव्हतं. फक्त बाहुली सगळीकडून दिसते, चित्र समोरूनच. त्यामुळे शिलाईच्या गाठी मागे लपतात.

हा छंद आजही आहे. जुन्या पैठणीच्या, इरकलीच्या तुकड्यांतून बाहुल्यांचे कपडे शिवणारे सांगतील की जुनं रेशीम घडीवरच चिरतं, म्हणून घडी सोडून तुकडा घ्यायचा आणि मागे मऊ सुती अस्तर लावायचं. घरात सजवलेलं जुनं चित्र असेल तर तेही याच नियमाने जपावं लागतं. चांदीची जर हवेने काळी पडते, ती चिंच किंवा पावडर लावून घासली की वरचं सोन्याचं पाणीही जातं. लोखंडी टाचणी गंजून कापडाला डाग पाडते. थेट ऊन तर रेशीम आणि छापील रंग, दोघांचाही शत्रू. आणि मागचा जुना पुठ्ठा फाडून नवी फ्रेम करायची घाई करू नये, कारण टाके त्याच पुठ्ठ्यातून गेलेले असतात.

छापखाना विकल्यानंतर रविवर्मा थांबले नाहीत. १९०१ मध्ये उदयपूरसाठी महाराणा प्रतापांचं चित्र केलं. १९०४ मध्ये इंग्रज सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. पण १९०५ मध्ये भाऊ राजा राजा वर्मा गेले. प्रवासाचा हिशोब, पत्रव्यवहार, चित्रातली पार्श्वभूमी, सगळं सांभाळणारा हा माणूस. त्याची इंग्रजीतली रोजनिशी नसती तर या दोघांच्या आयुष्यातलं निम्मं आज कळलंच नसतं. भाऊ गेल्यावर रविवर्मा खचले, मधुमेहाने आधीच पोखरलेले होते. २ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांचं निधन झालं. वय होतं ५८.

मराठीत त्यांना पुन्हा लोकांसमोर आणलं ते रणजित देसाईंच्या कादंबरीने, आणि त्यावरूनच पुढे रंगरसिया हा सिनेमा आला. दोन्ही कलाकृती आहेत, त्यातला प्रत्येक प्रसंग इतिहास म्हणून धरायचं कारण नाही.

मळवलीचा छापखाना रविवर्मांच्या माघारी साठहून अधिक वर्षं चालला. १९७२ मध्ये तिथे मोठी आग लागली आणि कारखाना जळाला. साठवलेली बरीच चित्रंही त्यात गेली.

उरली ती घरोघरी भिंतीवर गेलेली. त्यातलं एखादं आजही जुन्या बाजारात येतं. फ्रेम उलटी करून पुठ्ठ्यावर बारीक टाक्यांची रांग दिसते का, हे जाणकार आधी बघतात. रांग देवीच्या कमरेपाशी सुरू होते, पदराच्या वळणाने वर खांद्यापर्यंत जाते आणि तिथे शिवणारीने दोरा दोनदा गुंडाळून तोडलेला असतो.